अल्प भांडवलात फराळाची जाहिरात : नियम व पोटनियम

व्याप्ती : प्रस्तुत नियम डोंबिवली व तत्सम ठिकाणच्या घरगुती फराळ-उद्योगांस लागू राहतील, ज्या उद्योगात चकल्या एक जण करते आणि 'मार्केटिंग' दुसराच बघतो, त्यांस विशेषत्वाने. आमच्याकडे चकल्या काकू करते. काका बँकेतून निवृत्त झाले आहेत.

नियम 1. नाव : ठेवावे. काकांनी 'स्वादसम्राज्ञी गृहोद्योग' ठेवले आहे. गिऱ्हाईक 'बी विंगमधल्या काकू' म्हणते.

नियम 2. पत्रके : पेपरवाल्याला पहाटे गाठले की पत्रके वर्तमानपत्रात घालता येतात. क्लासेस आणि पेस्ट कंट्रोल यांच्या पत्रकांसोबत ती घरोघर पोचतात व त्यांच्याच सोबत रद्दीत जातात. तेवढ्या पैशांची भाजणी आणावी.

नियम 3. नमुना : चकली अख्खी द्यावी. 'सॅम्पल म्हणजे सॅम्पल, अर्धी पुरे,' असा एक विचारप्रवाह घरात आहे. अर्ध्या चकलीने जाहिरात होते, पण चिक्कूपणाची. नमुना सोसायटीच्या सेक्रेटरींना देण्याचा मोह टाळावा. ते फक्त सभेत बोलतात आणि तिथे कोणी ऐकत नाही. इस्त्रीवाला रोज प्रत्येक मजल्यावर जातो. पाळणाघराच्या ताईंना संध्याकाळी सगळ्या नोकरदार आया भेटतात, आणि फराळ विकत घेणार त्याच.

नियम 4. व्हॉट्सॲप : ब्रॉडकास्ट यादीत 256 नावे मावतात, मात्र ज्याने आपला नंबर सेव्ह केला आहे, त्यालाच निरोप पोचतो. काकांनी यादी काठोकाठ भरली. त्यातले पुष्कळसे बँकेचे जुने कर्जदार. त्यांनी काकांचा नंबर जपून ठेवावा, असे कोणते कारण होते? म्हणून डबा हातात देतानाच 'नंबर सेव्ह करा हं' म्हणावे.

पोटनियम : त्याच यादीवर सुप्रभात पाठवू नये. रविवारीही.

नियम 5. फोटो : दिवसा, खिडकीपाशी. ट्यूबलाइटखाली शेव आजारी दिसते. फोटोवर समई, तोरण, लक्ष्मीची पावले आणि दोन मोबाइल नंबर टाकून झाल्यावर चकलीलाही थोडी जागा ठेवावी. सोऱ्यातून चकली पडतानाचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला तर बाकी काही लिहावे लागत नाही.

नियम 6. सवलत : देऊ नये. 'आपल्याच घरचं आहे' म्हणणारे नातेवाईक मिठाईच्या दुकानात छापील भाव निमूट देतात. तेल, तूप, गॅस, डबे हे सगळे काकांच्या वहीत पैशापैशाने आहे. रात्री अकरापर्यंत सोऱ्या दाबून काकूचे मनगट सुजते, त्याचा रकाना नाही. तो आधी आखा, काका. मग भाव ठरवा.

नियम 7. नकार : अनारशाच्या पिठासाठी तांदूळ तीन दिवस भिजत घालतात, रोज पाणी बदलतात. 'उद्या मिळतील का?' याला 'नाही' हेच उत्तर. 'अनारसे संपले' या निरोपाला खर्च शून्य. पुढच्या वर्षी तीच मंडळी गणपती उठायच्या आत फोन करतात.

नियम 8. नोंदणी : एफएसएसएआयची नोंदणी करून 14 आकडी नंबर डब्यावर छापावा. हा फॉर्म काकांनी एकट्याने, एकही खाडाखोड न करता, अत्यंत आनंदाने भरला.

नियम 9. पाठपुरावा : दिवाळी झाल्यावर काका उधारीवाल्यांना फोन करतात. जन्मभर वसुली केलेला माणूस. पैशांचे नाव काढत नाहीत. 'चकली खुसखुशीत होती ना? चिवड्यात मीठ?' एवढेच, पण त्या आवाजात विचारतात. यूपीआयवर पैसे तत्काळ येतात. शिवाय लोक मनापासून सांगतात की लाडू जरा गोड झाले. काकू पुढच्या घाण्याला साखर कमी करते, आणि त्या घरातून डोहाळजेवणाची ऑर्डर येते. आमच्या उद्योगात खरे मार्केटिंग होते ते एवढेच. काकांना हे कोणीही सांगू नये. फोनआधी भाषण लिहून काढतील.