वारा धरलात का?

प्रत्येक सोसायटीत हे गृहस्थ असतात. मुलगा न्यू जर्सीत आणि हे इथे बाकावर, जगातल्या विमानतळांमधली अंतरं तोंडपाठ करून बसलेले. ‘भाची अमेरिकेला निघालीय’ एवढं म्हणायचा अवकाश, ‘मुंबई-न्यूअर्क? १२,५०० किलोमीटर!’ हे आलंच. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण आपण ‘म्हणजे १५-१६ तास’ असं पुटपुटलो की डोळे बारीक करून विचारतात, ‘वारा धरलात का?’ जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीवर असतो, म्हणून येताना तास-दीड तास कमी. हा वारा त्यांच्या अंगात इतका भिनलाय की साताऱ्याची एसटी रखडली तरी समोरचा वारा, आणि कामवाली वेळेआधी आली तर पाठीवरचा.

तरीही माणूस चुकत नाही, हीच खरी पंचाईत. अंतर वाढलं की वेळ वाढायचा, हे आपलं शाळकरी त्रैराशिक आकाशात टिकत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. वाट सुमारे १,४०० किलोमीटरने लांबून १५,३०० वर गेली, तरी विमान साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा लवकर पोचलं. वारा धरला होता! बरं, सरळ वाट तरी सरळ कुठे असते? पृथ्वीगोलावर मुंबईपासून न्यूअर्कपर्यंत दोरा ताणून धरा, तो नॉर्वे-आइसलँडच्या बाजूने, पार ६५ अक्षांशाला जाऊन खाली उतरतो. त्यात माणसांची भांडणं वेगळीच. २०२२ मध्ये रशियाने युरोपीय विमानांना आकाश बंद केलं, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना. विमानतळ जागच्या जागी राहिले आणि प्रवास लांबले.

कुणी म्हणेल, हे सगळं मोबाइल सांगतो, त्यासाठी यांचं व्याख्यान कशाला? पण मोबाइल नुसता आकडा सांगतो; तो कालच्यापेक्षा आज वेगळा का, हे सांगायच्या फंदात पडत नाही. दुसरा आक्षेप जरा बोचरा आहे: हे स्वतः कितीदा गेले? फार तर दोनदा, तेही सुनेच्या बाळंतपणाला. खरंय. पण विमानात बसलेला माणूस जेवतो, सिनेमा बघतो, झोपतो. तास मोजायचं काम मागे राहिलेल्याकडेच येतं. म्हणून पहाटे तीनला ते नकाशावरचं पिवळं विमान बोटाने मोठं करून बघतात आणि ते कॅस्पियनपाशी आलं की बायकोला उठवतात. बाई बिचारी ‘बरं’ म्हणून कूस बदलते.

या विद्येला सोसायटी हसते, मीही हसतो, पण तिची खरी गरज कधी लागते तेही सगळ्यांना माहीत आहे. कुणाकडे तरी रात्री म्हातारं माणूस जातं. मुलगा तिकडे, आणि खाली जमलेल्यांना ठरवायचं असतं, थांबायचं किती. तेव्हा कुणी मोबाइल काढत नाही, यांच्याकडे बघतात. पहिलं विमान कुठलं, इमिग्रेशनला किती, द्रुतगती मार्गावर घाटात किती, सगळं मनाशी जोडून ते सांगतात, ‘परवा सकाळी अकराच्या आत नेऊ नका. तो पोचतोय.’