तिसरा पसंतीक्रम आजीचा

श्रावणी सोमवारी रात्री साडेअकराला ताईचा फोन आला. एवढ्या रात्री ताईचा फोन म्हणजे एक तर कुणी तरी गेलंय, नाही तर कुणी तरी उद्या सकाळी पुण्यात येऊन थडकतंय. ती म्हणाली, "अरे, ह्याचं गोठलं."

"काय गोठलं?"

"ॲडमिशन. आपोआप गोठलं म्हणे."

मागून भाच्याचा आवाज आला, "आई, ऑटो फ्रीझ म्हण गं. गोठलं काय!"

ज्यांची मुलं अजून पाचवीत आहेत किंवा ज्यांची एकदाची नोकरीला लागली, अशा सुखी वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. महाराष्ट्रात इंजिनीअरिंगच्या प्रवेशाला २०२५पासून कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत तुम्ही यादीत पहिलं लिहिलेलं कॉलेज मिळालं, की ते घ्यायचंच. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतलं कुठलंही मिळालं, तर तेच. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतलं. चौथीत जे पदरात पडेल ते. नको म्हणालात तर पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. आयआयटी-एनआयटीवाल्यांच्या 'जोसा'मध्ये फ्रीझ, फ्लोट आणि स्लाइड असे तीन प्रकार असतात. नावं ऐकून वॉटर पार्कचं तिकीट काढल्यासारखं वाटतं. आपल्याकडे फ्रीझ आणि बेटरमेंट. म्हणजे 'आहे ते घेतो' किंवा 'आणखी बरं मिळतंय का बघतो'. लग्नाच्या बाजारात ही सोय असती, तर किती घरं वाचली असती.

तर भाच्याला दुसऱ्या फेरीत तिसऱ्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं. घरापासून अकरा किलोमीटर. एसटीचा थांबा दारात. आनंदाची बातमी, नाही का? पण घरात सुतक. कारण तिसरा क्रमांक भाच्याचा नव्हताच, तो आजीचा होता.

झालं होतं असं. पहिल्या फेरीत त्याला नववा पर्याय मिळाला, म्हणून त्याने बेटरमेंट घेतलं. दुसऱ्या फेरीसाठी यादी नव्याने भरायची होती. सगळे ओसरीवर बसले. आजी म्हणाली, "जवळचं पण घाल की रे एखादं. मेसचं खाऊन पोराचं पोट बिघडतं." भाच्याने आजीचं मन मोडायला नको म्हणून जवळचं कॉलेज तिसऱ्या नंबरावर टाकलं. त्याचा हिशेब असा, की पुण्यातली दोन वर आहेत, खाली आणखी साठ-सत्तर आहेत, मध्ये आजीचं एक बसून राहील. ओसरीवर पाहुणा बसतो तसं. नियम त्याने वाचला होता. पण नियम वाचणं वेगळं आणि आजी शेजारी बसलेली असताना नियम पाळणं वेगळं. सरकारी संगणकाला हा फरक कळत नाही. त्याला वाटलं, पोराला घरचं जेवण तिसऱ्या क्रमांकाने आवडतं.

ह्या यादीत तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. तीनशे! ब्रिटनमध्ये युकासच्या अर्जात पोरं पाच पर्याय लिहितात. त्यातून पुढे एक पक्का ठेवायचा आणि एक अडीअडचणीला. एवढं करूनही तिकडची पोरं ऑगस्टमधल्या निकालाच्या दिवशी रडवेली होतात आणि उरलेल्या जागांसाठी 'क्लिअरिंग'मध्ये पळतात. आपल्या पोराकडून मात्र तीनशे नावांची उतरंड हवी. सकाळी पोहे की उपमा हे ज्याला ठरवता येत नाही, त्याने एकशे सत्तेचाळिसावं आणि एकशे अठ्ठेचाळिसावं कॉलेज यांत डावं-उजवं करायचं. मग तो काय करतो? गेल्या वर्षीचे कट ऑफ बघून वरून खाली उतरतो. पसंती वगैरे काही नसते, ती उतारावरची गाडी असते.

आणि मन बदललं तर? सतराव्या-अठराव्या वर्षी मन बदलणं हे एकच काम पोरं नेमाने करतात. भाच्याला मे महिन्यात कॉम्प्युटर हवं होतं. जूनमध्ये त्याने कुठे तरी रोबोट पाहिला आणि मेकॅनिकल हवं झालं. जुलैत मित्राच्या दादाने सांगितलं, की कॉम्प्युटरची पोरं घरी बसलीत, तेव्हा सिव्हिल. ऑगस्टमध्ये आजी. चार महिन्यांत चार आयुष्यं, आणि प्रत्येकाला ॲप्लिकेशन आयडी तोच.

बदल करायची सोय नाही असं मात्र म्हणू नका. आहे. पण तिचं नाव ऐका. अर्ज एकदा तपासून पक्का झाला की कुलूपबंद होतो. मग तात्पुरती गुणवत्ता यादी लागते. त्या यादीपासून अंतिम यादीपर्यंतचे जे दोन-तीन दिवस असतात, त्यात दुरुस्ती सांगता येते. ती सांगायची जागा म्हणजे 'ग्रिव्हन्स'. मराठीत तक्रार. ताईच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेवर एका 'ई'चं आणि आधार कार्डावर दोन 'ई'चं आहे. ते सारखं करायला भाच्याने आईच्या नावाने तक्रार नोंदवली. "माझ्याबद्दल सरकारकडे तक्रार केली होय रे?" ताई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

नाव खरोखरच बदललं असेल तर आणखी गंमत. मग राजपत्र लागतं. एका मावशीने घटस्फोटानंतर मुलाचं आडनाव बदलून घेतलं. संसार मोडायला जितका वेळ लागला नाही, तितका ते राजपत्र, आधार आणि बोर्डाची गुणपत्रिका यांचा संसार जुळवायला लागला.

पण सगळ्यांत बदलतं कोण, ठाऊक आहे? वेळापत्रक. 'सुधारित वेळापत्रक' हा शब्द ज्या घरात ऐकला नाही, त्या घरात बारावीचं मूल नाही असं खुशाल समजावं. तारीख पुढे जाते, मुदत वाढते, रात्री सूचना लागते आणि सकाळी तिच्यावर दुसरी सूचना लागते. त्यावर कुणी ग्रिव्हन्स नोंदवत नाही. २०२५च्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेचंच बघा. २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताचे तब्बल २१ प्रश्न चुकीचे निघाले. त्या सत्रातल्या २७,८३७ मुलांना ५ मे रोजी पुन्हा परीक्षेला बसावं लागलं. चूक पेपर काढणाऱ्यांची, घाम पोरांचा. असो, चूक कबूल केली, फेरपरीक्षा घेतली, हे आपल्याकडे कमी नाही. पण ज्या व्यवस्थेला स्वतःची चूक सुधारायला आठवडा मिळतो, तिने पोराला आजीच्या नावावरचा एक क्रमांक खाली सरकवायला पाच मिनिटं दिली असती, तर काय बिघडलं असतं?

कागदांचं तर विचारूच नका. नॉन-क्रिमीलेअरचं प्रमाणपत्र ज्या वर्षी प्रवेश, त्या आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं हवं. म्हणजे २०२५-२६च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६. तीन वर्षांपूर्वी काढलेलं, लॅमिनेशन करून देवघरात ठेवलेलं असतं, ते नेमकं आदल्याच मार्चमध्ये संपलेलं निघतं. जात पडताळणीचं प्रकरण समितीकडे पडून असेल, तर अर्ज केल्याची पावती जोडायची आणि मूळ प्रमाणपत्र मुदतीत आणून दाखवायचं. नाही आणलं, तर पोरगं खुल्या प्रवर्गात. बाप तोच, आजोबा तेच, पणजोबांचा शाळेचा दाखला मोडी लिपीतला तोच, आणि एका संध्याकाळी पाच वाजता जात ओपन. शतकानुशतकं जे कुणाला जमलं नाही, ते पोर्टल एका क्लिकमध्ये करतं. मग आरडाओरडा होतो आणि सरकार मुदतवाढ देतं. मुदतवाढ येईल या भरवशावर अर्धा महाराष्ट्र सेतूच्या रांगेत उभा असतो आणि उरलेला अर्धा रांगेत नंबर धरून चहाला गेलेला असतो.

इथवर हसण्यासारखं होतं. आमच्या मागच्या आळीतल्या मुलीचं तसं नाही. तिचे वडील एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. मुलगी हुशार, ओबीसीतून अर्ज भरलेला. २०२४-२५पासून आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी सरकार पूर्ण भरतं. चांगली योजना आहे, तिची टिंगल मी करणार नाही. पण दाखला सरलेल्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा असतो. गेल्या वर्षी ओव्हरटाइम धरून वडिलांचं उत्पन्न आठ लाखांच्या थोडं वर गेलं होतं. ह्या जुलैत, दुसऱ्या फेरीच्या आधी, कारखान्याने त्यांची पाळी बंद केली. माणूस दुपारी तीनला अंगणात खुर्ची टाकून बसलेला दिसतो आणि तहसीलच्या कागदावर तो अजून ओव्हरटाइम करतोय. "पुढच्या वर्षीचा दाखला नवीन येईल," असं तिला सांगण्यात आलं. खरंच आहे ते. फी मात्र ह्या वर्षीची भरायची आहे.

तिने काय केलं? यादीतली पहिली चार कॉलेजं काढून टाकली आणि कमी फीचं सरकारी कॉलेज वर घेतलं. दुसऱ्या फेरीच्या अर्जात ती चार नावं दिसणार नाहीत. ती का गेली, हे लिहायला रकाना नाही. पसंतीक्रम बदलला, एवढीच नोंद.

भाच्याकडे परत येतो. त्याने मला विचारलं, "मामा, घेतलेली ॲडमिशन सोडून दिली तर?" मी पुण्यात राहतो म्हणून मला सगळं कळतं, अशी त्या घराची समजूत आहे. मी ती वीस वर्षं मोठ्या कष्टाने टिकवली आहे. म्हटलं, पैसे बुडत नाहीत. यूजीसीने २०१८मध्येच बजावलंय, की कॉलेजांनी मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायची नाहीत आणि फी परत करायची. २०२४-२५ला तर ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर सगळी फी परत आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत केला तर फार तर हजार रुपये कापायचे, असं ठरवून दिलं होतं. भाचा खूश झाला. मग म्हणाला, "पैसे मिळतील. जागा?"

जागेचं मी काही बोललो नाही. फ्रीझ झालेली जागा सोडली की पुढच्या फेऱ्या गेल्या. मग राहतात संस्था पातळीवरच्या जागा. तिथे प्रत्येक कॉलेजच्या दारात वेगळा अर्ज, वेगळी यादी आणि वेगळा शिपाई. ताईचे यजमान म्हणाले, "एक वर्ष इथे काढ, मार्क चांगले पाड, दुसऱ्या वर्षी ब्रँच बदलून मिळते म्हणतात." दाजी बँकेत आहेत. त्यांना कुठल्याही कर्जाचं पुनर्गठन करता येतं असं वाटतं.

शेवटी भाच्याने जाऊन प्रवेश घेतला. गणपती बसायच्या आत. आजीने पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, "त्याने माझ्यासाठीच हे घेतलं हो." त्याने ते खोडून काढलं नाही. तक्रारीची मुदत संपली होती.

राहता राहिली बॅग. पुण्याला जायचं म्हणून जूनमध्येच मी लक्ष्मी रोडवरून त्याच्यासाठी मोठी चाकांची बॅग घेतली होती. निळी, नंबरच्या कुलपाची. परवा गेलो तर ती माजघरात आडवी ठेवलेली. उघडून बघितली, तर आत आजीच्या गोधड्या आणि डांबराच्या गोळ्या.

"मामा, पावती आहे का हिची?" भाच्याने हळूच विचारलं.

पाकिटातून पावती काढून त्याला दिली. त्याने ती उलटी केली. मागे शिक्का होता: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.