टाकवत नाही

स्वीडनमध्ये ऑगस्ट उतरणीला लागला, की एरवी घड्याळाच्या काट्यावर चालणारी माणसं खिडकीतून पाऊस बघत बसतात. चांगला पाऊस झाला, वर दोन दिवस ऊन पडलं, की शनिवारी सकाळी उप्सालाच्या बसमध्ये टोपल्या दिसू लागतात. सोमवारी ऑफिसात ‘मिळाली का?’ एवढंच विचारायचं. ‘कुठे मिळाली?’ असं विचारणारा माणूस एक तर नवा तरी असतो किंवा निर्लज्ज तरी. या देशात कुणाच्याही मालकीच्या रानात हिंडायचा, तिथली बोरं-अळंबी खुडायचा हक्क सगळ्यांना आहे. १९९४पासून तो राज्यघटनेतही नोंदवला आहे. रान सगळ्यांचं, पण कांतारेल नावाच्या भूछत्राची जागा ज्याची त्याची. आमच्या शेजारच्या बाई ऐंशीच्या घरात आहेत. घराची किल्ली त्यांनी आमच्याकडे विश्वासानं ठेवली आहे. जागा अजून सांगितलेली नाही.

आई इथे आली ती नेमकी याच दिवसांत. आई रत्नागिरीकडची. अळंबीबद्दलचं तिचं शास्त्र दोन ओळींचं आहे: पावसाळ्यात वारुळावर उगवते ती अळंबी, बाकी सगळ्या कुत्र्याच्या छत्र्या. हसायचं कारण नाही. वाळवी वारुळाच्या पोटात बुरशीची शेती करते आणि आपण खातो ती अळंबी त्याच शेतातून वर येते. म्हणजे पत्ता बरोबर असला की निम्मी ओळख पटलीच. फक्त इथल्या स्प्रूस-पाइनच्या रानात उभं राहून तिनं विचारलं, “वारूळ कुठाय?” तेव्हा माझी पंचाईत झाली. कारण वारुळं इथेही आहेत, चांगली कमरेएवढी. पण ती लाल मुंग्यांची आणि त्यांना शेतीत रस नाही.

“इथं झाडं बघायची, आई.”

इथल्या पुष्कळशा भूछत्रांचा संसार झाडाच्या मुळांशी असतो. बुरशीचे तंतू मुळांना वेढून बसतात, झाडाला पाणी आणि क्षार पुरवतात आणि बदल्यात साखर घेतात. म्हणून स्थळ बघताना आधी घराणं विचारतात तसं आधी झाड विचारायचं. लार्चखाली सोनेरी, चिकट टोपीचं भूछत्र दिसलं तर ते एक, पाइनखालचं तपकिरी चिकट दुसरं. कापल्यावर गाजराच्या रंगाचा चीक येणारं ‘रिस्का’ स्प्रूसखाली एका जातीचं, पाइनखाली दुसऱ्या. दोन्ही खातात. खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी लघवी लालसर होते, हे मात्र पाहुण्यांना आधी सांगितलेलं बरं.

घराणं कळलं की मग मुलगी उलटी करून बघायची. इथे उपमा सोडून देतो, कारण पुढचं सगळं टोपीच्या खालीच आहे. खाली पात्या आहेत, बारीक छिद्रं आहेत की मऊ काटे? काटे असतील तर नवशिक्यानं खुशाल घ्यावं, फिकट पिवळसर टोपीच्या या काटेवाल्याशी घातकी साम्य असणारं इथे फारसं काही नाही. छिद्रं असतील तर ते कदाचित ‘कार्ल-योहान’ असेल. नेपोलियनचा एक सरदार पुढे याच नावानं स्वीडनचा राजा झाला, त्यानं फ्रान्सची ही आवड इकडे आणली म्हणतात. पण याचा एक तोतया आहे. त्याच्या दांड्यावरची जाळी गडद असते आणि वय झालं की छिद्रं गुलाबी होतात. तो विषारी नाही, नुसता कडू आहे. आणि असा कडू की एक तुकडा अख्ख्या पातेल्याची वाट लावतो. शंका आली तर जिभेच्या टोकाला लावून थुंकायचं. आईनं लावलं, आणि कारल्याची भाजी आवडीनं खाणारी ती बाई पुढे अर्धा तास कुणाशी बोलली नाही.

कांतारेल मात्र भल्या माणसासारखं उघड असतं. अंड्याच्या बलकाचा रंग, जर्दाळूचा वास, आणि खाली खऱ्या पात्या नाहीतच. फाटे फुटलेल्या जाडसर सुरकुत्या आहेत, त्या दांड्यावर उतरत जातात आणि नखानं सुट्या होत नाहीत. खोट्या कांतारेलच्या पात्या पातळ, दाट आणि रंग जास्तच नारिंगी. नकली माल नेहमी थोडा भडक असतो.

उप्सालाला हे वेड जुनं आहे. पुढे इथे प्राध्यापक झालेल्या एलियास फ्रीस यांनी १८२१पासून खंडामागून खंड काढून जगभरातली भूछत्रं रांगेत बसवली, आणि पातीवाल्यांच्या रांगा लावताना बीजाणूंचा रंग धरला. ती युक्ती आजही घरी करता येते. टोपी कापून अर्धी पांढऱ्या, अर्धी काळ्या कागदावर पालथी घालायची, वर पेला झाकायचा आणि झोपायचं. सकाळी पेला उचलला की कागदावर पातीन् पाती उमटलेली असते, पांढरी, गुलाबी, चॉकलेटी किंवा गंजासारखी. गंजाचा रंग दिसला की मी त्या जातीच्या वाटेला जात नाही.

त्याचं कारण सप्टेंबरच्या शेवाळात आहे. ट्राटकांतारेल नावाचं तपकिरी टोपीचं, पिवळ्या दांड्याचं चिमुकलं भूछत्र स्प्रूसखालच्या ओल्या शेवाळात शेकड्यांनी उगवतं. एक दिसलं की डोळा सरावतो आणि मग माणूस मूठमूठ खुडत सुटतो. त्याच शेवाळात, कधी त्याच घोळक्यात, कॉर्टिनारियस रुबेलस उभं असतं. टोकदार गंजकी टोपी, भरीव दांडा, दांड्यावर पिवळसर वेड्यावाकड्या पट्ट्या. ते मूत्रपिंडं निकामी करतं आणि तेही लगेच नाही. दोन-तीन दिवस, कधी दोन-तीन आठवडे माणूस मजेत असतो. ‘द हॉर्स व्हिस्परर’ या कादंबरीचे लेखक निकोलस एव्हन्स यांनी २००८ मध्ये स्कॉटलंडला याच जातीची भूछत्रं घरच्यांना रांधून घातली. पुढे त्यांना मुलीनं मूत्रपिंड दिलं. म्हणून शेजारच्या बाई ट्राटकांतारेल मुठीनं कधीच खुडत नाहीत. एकेक कापतात, दांडा पोकळ आहे का बघतात, सुरीच्या मागच्या ब्रशनं माती झटकतात आणि मगच टोपलीत टाकतात. घरी आल्यावर टोपली वर्तमानपत्रावर उपडी करून पुन्हा एकेक.

या दुसऱ्या निवडीत आई आणि त्या समोरासमोर आल्या. बाईंनी एक धट्टंकट्टं, सुरेख भूछत्र बाजूला काढलं. आईनं ते परत ढिगात ठेवलं. बाईंनी पुन्हा काढलं.

“अरे, विचार तिला, विषारी आहे का?”

विचारलं. बाई म्हणाल्या, “विषारी आहे असं मी म्हणत नाही. मी याला ओळखत नाही.”

“मग उकळून पाणी टाकू. आमसूल घालू. सुरणाची खाज जाते, याची नाही जाणार?”

आमच्या घरात काही टाकवत नाही. शिळ्या भाताचा फोडणीचा भात होतो, दुधीच्या सालींची चटणी होते, आणि आठवड्यापूर्वीच्या आमटीचा वास घेऊन ‘चांगली आहे की’ म्हणणारं कुणी तरी पिढ्यान्‌पिढ्या असतंच. हे संस्कार घेऊन या रानात शिरणं धोक्याचं आहे. इथली जालीम विषं उकळून जात नाहीत, आणि ‘आम्ही नेहमी खातो, काही होत नाही’ हा दाखलाही चालत नाही. युलिउस शेफर हे जर्मनीतले नाणावलेले भूछत्रतज्ज्ञ. पॅक्सिलस नावाचं, तिकडे पिढ्यान्‌पिढ्या ताटात असलेलं भूछत्र खाऊन ते १९४४ मध्ये गेले. ते भूछत्र दर वेळी त्रास देतंच असं नाही. वारंवार खाता खाता एखाद्याचं शरीर त्याच्यावर उलटतं आणि स्वतःच्याच रक्तपेशी फोडू लागतं. चांदीचा चमचा काळा पडतो का बघावं, गोगलगाईनं कुरतडलंय का बघावं, या युरोपातल्या आजीबाईंच्या कसोट्याही निकामी. ज्यानं आपलं यकृत जाईल ते गोगलगाय आवडीनं खाते.

हे सगळं मी आईला भाषांतर करून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि ते सुरेख भूछत्र स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकलं. चेहरा मात्र सोनं टाकल्यासारखा. उरलेली लोण्यावर परतली. आईनं आपल्या वाट्यात ओलं खोबरं आणि तिखट घातलं, बाईंनी चव घेतली, पाणी मागितलं आणि पुन्हा वाढून घेतलं.

जाताना बाईंनी आणखी एक नियम सांगितला. भूछत्रं खाल्ली की निवडलेली देठं, माती लागलेले तुकडे आणि उरलेली भाजी लगेच फेकू नये. कुणाला काही झालंच, तर विष कुठलं हे त्यावरून ओळखता येतं.

मी भाषांतर करेपर्यंत आईनं फ्रीजमधला श्रीखंडाचा रिकामा डबा काढला होता.