नानांची पेटी आणि सुनेच्या खुणा

अहो वहिनी, जरा इकडे या बघू, गडग्याजवळ. तिथून नको, पलीकडे ऐकू जाईल. ऐकलंत का? खालच्या घरची पेटी बरी झाली एकदाची! भजनाची नव्हे हो, आंब्याचीही नव्हे. नानांचा कॉम्प्युटर. नाना त्याला पेटीच म्हणतात, तुम्हाला ठाऊकच आहे. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा थोरल्याच्या मुलासाठी कणकवलीहून जुनाच घेतला होता. मुलगा मोबाईलवर गेला आणि पेटी नानांच्या वाट्याला आली. आता मुंबईच्या आंबेवाल्या गिऱ्हाइकांची सगळी यादी त्यात. कोण पाच डझनी घेतो, कोण पैसे गणपतीत देईन म्हणतो आणि गणपतीत तोंड चुकवतो… ते राहू दे, त्यातली दोन नावं आपल्याच वाडीतली आहेत.

तर काय सांगत होते, नागपंचमीची दुपार. नाना दशावतार लावून बसलेले, संकासुर नुकता रंगात आला होता, आणि भस्सकन सगळा पडदा निळा. त्यावर एक आडवं पडलेलं हिरमुसलेलं तोंड, खाली इंग्रजीत चार ओळी. काकी माजघरातून धावल्या, “गो, पेटी मेली गो!” मी तेव्हा तिथेच होते, वाटीभर गूळ मागायला गेले होते. नानांचं तोंड त्या पडद्यावरच्या तोंडासारखंच झालं होतं, अगदी शपथेवर सांगते.

पेटी आपली आपण परत सुरू झाली. सगळे म्हणाले, झालं असेल काहीतरी. पण दोन दिवसांनी परत. नंतर नारळी पौर्णिमेला. अहो, आपल्या आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख तरी देवीचा कौल घेऊन जाहीर होते, याची काही खबरच नाही! प्रत्येकाचं निदान वेगळं. काकी म्हणाल्या, लाईट खालीवर होते म्हणून. थोरला म्हणाला, कुणीतरी व्हॉट्सॲपवरचं काहीतरी दाबलं. नानांचं एकच, “अमेरिकेचो व्हायरस.”

त्याला कारण होतं हो. १९ जुलै २०२४ चा तो शुक्रवार आठवतो ना, टीव्हीवर दिवसभर तेच चाललं होतं? विमानतळावरचे पडदे निळे, आणि प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास, एस.टी.च्या पासासारखे! नानांनी तेव्हापासून धसका घेतला होता. पण धाकट्या सुनेनं… तीच हो, बिळवसची, बोलते कमी. तिनं सांगितलं, “नाना, तो व्हायरस नव्हता. क्राउडस्ट्राइक म्हणून पहारा ठेवणारी कंपनी आहे, तिच्याच एका अपडेटमध्ये चूक निघाली. ८५ लाख मशिनं पडली, पण ती बहुतेक कंपन्या-संस्थांची. घरच्या पेटीत तो पहारेकरी नसतोच.” नाना गप्प. राखणदारानंच घर पाडलं म्हणायचं! मला तर ते फारच पटलं.

मग नानांनी काय केलं ठाऊक आहे? कुणाला सांगू नका. तिन्हीसांजेला पेटीपुढे नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं! “बा देवा म्हाराजा, आमच्या हातसून काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल, आणि ही पेटी बरी कर रे म्हाराजा…” आणि दाराआडून तो नातू मेला ओरडला, “व्हय म्हाराजा!” काकी हसता हसता भिंतीला टेकल्या. नाना मात्र रागावून न जेवता झोपले.

सूनबाईला बहुतेक वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं नानांना मोबाईलवर एक जुना व्हिडिओ दाखवला. २० एप्रिल १९९८, शिकागोला मोठं प्रदर्शन, बिल गेट्स स्वतः स्टेजवर. त्यांचा एक तरुण माणूस नवं विंडोज ९८ दाखवतोय, किती सोपं बघा म्हणत स्कॅनरची वायर जोडतोय, आणि तो मोठा पडदा निळा! हजारो माणसांसमोर! त्या पोराचा चेहरा असा पडला म्हणता… आणि बिल गेट्स हसून म्हणाले, म्हणूनच आम्ही हे अजून विकायला काढलं नाही, अशा अर्थाचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नानांनी लगेच विचारलं, “त्या पोराक काढल्यानी काय?” काढताहेत कसले, पुढे तोच त्या कंपनीच्या मार्केटिंगचा सगळ्यात मोठा साहेब झाला. नाना त्या रात्री दोन भाकऱ्या जेवले.

पण पेटीचं काय? तेच तर सांगते. सूनबाईनं वायर काढली, पेटी पडवीत आणून उघडली. मागच्या जाळीवर कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं! सुरीच्या टोकानं फोडलं तर आत सुकलेले कोळी, दाटीवाटीनं भरलेले, डब्यात सोडे भरावे तसे. पंख्यावर कापसासारखी धूळ. नाना ओरडले, “गावला! ह्याच ता!” काकींनी शिरा केला. वाटीभर माझ्याकडेही आला, वेलची जास्त पडली होती. आणि तिसऱ्या दिवशी, संकासुर यायच्या आधीच, परत निळं. शिरा फुकट. सूनबाई मला हळूच म्हणाली, “काकू, मला तेव्हाच शंका होती. तापून बंद पडणारी पेटी बहुधा नुसती विझते. ही दरवेळी काहीतरी नाव लिहून जाते.”

आता खरी गंमत ऐका. काकींच्या स्वयंपाकघरात दाराशी ती दिनदर्शिका आहे ना, दुधाचा हिशोब लिहितात ती? त्यावर श्रावणात धाकटीच्या हातच्या खुणा दिसायला लागल्या. बारीक अक्षरात काहीतरी आणि भोवती गोल. काकींनी बघितलं. बोलल्या काही नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून तिला कळशी उचलू देईनात. “तू रव गो, मी हाडतंय.” मी बघितलं, मीही समजले. लग्नाला दोन वर्षं झाली, आता… मी आपलं लिंबाचं गोड लोणचं पाठवलं. आणि वरच्या घरी, आणि देवळाजवळच्या मावशींकडे, नुसतं सहज म्हटलं… चारच घरं हो. तुम्हाला कुणी सांगितलं? असो.

मग गणपतीला पुण्याहून पुतण्या आला, आयटीतला. हातपाय धुतले, पेटीसमोर बसला, पाच मिनिटांत निकाल. “काका, फॉरमॅट मारूया. नाहीतर नवाच घ्या. विंडोज १० तसंही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतंय.” नाना म्हणाले, संपतंय म्हणजे? पेटी बंद पडणार? “बंद नाही पडणार, सुरक्षेची नवी अपडेट यायची थांबतील.” वर म्हणाला, नव्या मशिनींत आता निळा पडदा जाऊन काळा येतोय, ते रडकं तोंडही काढून टाकलंय. काकी म्हणाल्या, “मगे काय उपयोग? मेल्यार काळा काय नि निळा काय.”

मखराचं काम चाललं होतं, सगळं घर ओटीवर. आणि धाकटी आतून आली, दोन्ही हात करंज्यांच्या पिठानं भरलेले. म्हणाली, “भावोजी, फॉरमॅट नको. प्रत्येक वेळी पडताना पेटी आत मिनीडंप म्हणून एक छोटी फाईल लिहून ठेवते, ती पण जाईल. आणि मी लिहिलंय ते एकदा बघा.” आणि कोपरानंच खिळ्यावरून ती दिनदर्शिका काढून आणली!

अहो, काकींचा चेहरा! ती वाचत गेली. नागपंचमी, दुपारी तीन दहा, ‘मेमरी मॅनेजमेंट’. नारळी पौर्णिमा, ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. पुढे ‘पेज फॉल्ट’ म्हणून काहीतरी. प्रत्येक चौकोनात ‘नि’. नि म्हणजे निळा! अकरा वेळा. काकींनी माझ्याकडे बघितलं, मी मखराच्या झालरीकडे बघितलं. लोणच्याची बरणी समोरच्या फडताळात होती, अर्धी संपलेली.

पुतण्याचाही चेहरा बघण्यासारखा झाला, पण पोरगा सरळ आहे. म्हणाला, “वहिनी, हे तुम्ही आधी का नाही बोललात? एकाच सॉफ्टवेअरची चूक असती तर बहुतेक तेच ते नाव आलं असतं. इथे दरवेळी वेगळं. रॅमवर संशय घ्यायला हवा.” ती म्हणाली, “शिवाय नानांचा व्हिडिओ, गिऱ्हाइकांची यादी आणि फोटो, तिन्ही उघडं असलं की जास्त पडते.” नाना म्हणाले, माका समजेल असा सांगा. तेव्हा तिनं काय सांगितलं बघा. “नाना, आपल्या व्हाळावरचा पोफळीचा साकव. त्यातली एकच पोफळ कुजलेली. एकटादुकटा गेला तर पाय चुकून तिच्यावर पडत नाही. पण गर्दी झाली की कुणाचा ना कुणाचा पडतोच.” नाना इतके खूश झाले की पुढचे तीन दिवस दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाला साकवच सांगत होते.

मग त्या रात्री दोघं बसली. पेटीतच मेमरी तपासायची सोय असते म्हणे, दुकानात न्यायला नको. तपासली, तर दोष आहे असंच आलं. आत चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या. पुतण्या दोन्ही काढून, सगळं पुसून, ड्रायव्हर बदलून, एकदमच करूया म्हणत होता. तिनं हात धरला. धरला म्हणजे तसा नव्हे हो, अडवलं. “कुंभारणीच्या वेळी हेच झालं, भावोजी. शिरा वाटून मोकळे झालो. एका वेळी एकच.” पहिली पट्टी एकटी बसवली, तपासली. स्वच्छ. ती काढून त्याच खाचेत दुसरी बसवली. दोष. म्हणजे खाच चांगली, पट्टी वाईट. तरी नातवाचा खोडरबर आणून दुसरीचे पिवळे दात घासले, आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेचा काळपट थर निघाला त्या रबरावर, मी स्वतः बघितला. परत बसवली. परत दोष. तेव्हा कुठे तिनं ती कागदात गुंडाळून बाजूला ठेवली आणि म्हणाली, “हीच.” रात्रीचा दीड वाजला होता. करंज्या तशाच राहिल्या, त्या काकींनी आणि मी तळल्या.

एकाच पट्टीवर पेटीनं अख्खे गणपती काढले. जरा मंद चालायची, पण आरत्यांचे फोटो, मुंबईच्या लेकीशी व्हिडिओ कॉल, एकदाही निळी नाही. विसर्जनानंतर कणकवलीहून जुन्या जातीची एक पट्टी आणली. बसवण्याआधी तीही एकटीच तपासली हो, दुकानदारानं चांगली आहे सांगितलं तरी! पुतण्या जाताना म्हणाला, वहिनी, आमच्या ऑफिसात या. ती नुसती हसली. पण मी नानांकडे बघत होते. त्यांनी यादीचा पहिला कागद छापून काढला आणि सुनेच्या हातात दिला, “ह्या आता तूच बघ.” आंब्याची यादी! थोरलीचं तोंड तेव्हा… ते उद्या सांगते, ती आत्ता परसात आहे.

तर काय सांगत होते… हां. काल मी विरजण मागायला गेले. सप्टेंबरचं पान उलटलेलं. पेटी बरी होऊन आठवडा होऊन गेला, तरी एका चौकोनात खूण! ‘नि’ नाही, अक्षरच नाही. नुसतं एक टिंब आणि भोवती गोल. मी काकींकडे बघितलं, काकींनी माझ्याकडे. त्या बोलल्या काही नाहीत. फक्त ती विहिरीकडे निघाली तेव्हा कळशी तिच्या हातातून आपणच घेतली.

तुम्ही कुणाला बोलू नका हां. मी आपली वरच्या घरी जाऊन येते, लोणच्याची लिंबं आहेत का बघायला.