छतावरचं स्वराज्य

छतावर तीन किलोवॉटची पॅनेलं चढली की गृहस्थाच्या बोलण्यात ऐट येते. महावितरणचं नाव तो ओढगस्तीला आलेल्या लांबच्या नातेवाइकासारखं घेऊ लागतो. ऐट अगदीच निराधार नाही. किलोवॉटमागे रोज सरासरी चार युनिट, म्हणजे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास वीज. खर्च दीड-दोन लाख, त्यातले ७८,००० रुपये २०२४च्या पीएम सूर्यघर योजनेतून परत. बिल मोठं असेल तर उरलेले पैसे काही वर्षांत फिटतात. अडचण एवढीच, की दिवे, टीव्ही, एसी या सगळ्यांना सूर्य मावळल्यावरच जाग येते. मग नेट मीटर उपयोगी पडतो. दुपारी तारेत सोडलेलं युनिट रात्री परत मिळतं, वैशाखातलं आषाढात वापरता येतं, खात्याचा हिशेब मिटतो थेट ३१ मार्चला. आणि भर दुपारी लाइट गेली, तर डोक्यावर रणरणतं ऊन असूनही घरातला पंखा थांबतो. बॅटरीविना चालणारा इन्व्हर्टर तारेतला पुरवठा गेल्याचं कळताच स्वतः बंद पडतो. खांबावर चढलेल्या वायरमनला कुणाच्या स्वराज्याचा झटका बसू नये म्हणून. नियम शहाणपणाचा आहे. जाहिरातीतल्या हसऱ्या कुटुंबाला मात्र तो कुणी सांगितलेला दिसत नाही.

स्वाभिमानी मंडळी म्हणतील, मग बॅटरी घ्या. घेऊ. बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट. पण ती टिकवायची तर निम्मीच रिकामी करायची, म्हणजे हाती जेमतेम एक युनिट. पंधरा हजारांची ही बॅटरी रोज वापरून चार वर्षं टिकली असं धरलं, तरी साठवणुकीचाच खर्च युनिटमागे दहा रुपयांवर जातो. वीज फुकट, ठेवायला दहा रुपये! डिस्टिल्ड वॉटर आणि वाटेतली गळती वेगळीच. लिथियम आलंय, हा आक्षेप रास्त आहे. ती बॅटरी हजारो वेळा भरते, गळती कमी, किंमतही उतरते आहे. रात्रीचा प्रश्न ती सोडवेलही. पण पावसाळ्याचं काय? ढगाळ महिन्यात रोज पाच युनिटांची तूट धरली तर महिन्याचे दीडशे युनिट उन्हाळ्यातच भरून ठेवायला हवेत. ट्युब्युलरच्या हिशेबात दीडशे बॅटऱ्या, साडेबावीस लाख रुपये, आणि तेही वर्षातून एकदा वापरायला. दिवाणखान्यात बॅटऱ्या राहतील, माणसांनी छतावर पॅनेलांखाली सोय पाहावी.

साठवणुकीचं हे गोदाम आज नेट मीटरमार्फत महावितरण चालवते. त्याबद्दल सिंगल फेजच्या ग्राहकाकडून महिन्याला शे-दीडशे रुपयांचा स्थिर आकार घेतला जातो, आणि नेमकी त्यावरच सर्वांत मोठी तक्रार असते: बिल शून्य, मग हे पैसे कसले? कंपनीलाही दुपारी आयती वीज मिळतेच की, असंही सुनावलं जातं. पूर्वी त्यात दम होता. आता दुपारी सगळ्यांचीच सौर वीज तारेत येते, आणि कंपनीला महागडी वीज घ्यावी लागते ती संध्याकाळी, नेमकी आपल्या ऐटबाज गृहस्थाने एसी लावल्यावर. उद्या वीज नियामक आयोगाने या गोदामाचं खरं भाडं लावायचं म्हटलं, तर सुनावणीत पहिली हरकत नोंदवायला ‘आम्ही स्वावलंबी’ म्हणणारेच रांगेत उभे असतील.