भिवंडीकरांचे बांधाबांधशास्त्र

ऑनलाइन मागवलेल्या असंख्य वस्तू ज्या शहराभोवतीच्या गोदामांतून खोक्यांत भरून रवाना होतात, त्या भिवंडीत माल बांधण्याचे शास्त्र रक्तातच असणार, असे मानण्यास जागा आहे. परंतु मे महिन्याच्या अखेरीस भंडारदऱ्याला तंबूत एक रात्र काढण्यास निघालेल्या तेथील कुटुंबाचे निरीक्षण केल्यास हे गृहीतक टिकत नाही. जड माल खाली, हलका वर, आणि आधी उतरवायचा तो सर्वांत शेवटी चढवायचा, हा नियम काल्हेर-राहनाळच्या गोदामांतील नवशिक्या हमालालाही पाठ असतो. घरोघरी मात्र गाडी लागण्याची गोळी, जिची गरज कसारा घाटाच्या दुसऱ्या वळणावर भासणार हे सर्वांना ठाऊक असते, ती सर्वांत खालच्या बॅगेत, धाकट्याच्या स्वेटरच्या बाहीत असते, आणि त्या बॅगेवर पाण्याचा वीस लिटरचा जार असतो.

वस्तुतः भंडारदऱ्याला प्रवरेवरील विल्सन धरणाच्या जलाशयाकाठी तंबू, गादी, पांघरूण, रात्रीचे जेवण आणि सकाळचे पोहे हे सारे तेथील व्यवस्थापकच पुरवतात. फोनवर तसे दोनदा विचारून घेतल्यावरही सामानाची यादी घटत नाही, कारण तिचे नियमन गरजेने नव्हे, तर ‘असू द्या, लागलं तर’ या तत्त्वाने होते. या तत्त्वाचे खंडन करता येत नाही. खलबत्ता लागणार नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी तो नको म्हणणाऱ्यावर येते, आणि ती पार पाडू शकलेला जावई अद्याप आढळलेला नाही.

ताडपत्री हे स्वतंत्र प्रकरण आहे. वळवाची सर येईल, या शंकेपोटी ती मागितली जाते. भिवंडीत बहुतेक इमारतींत वाहतूक व्यवसायातला एक तरी शेजारी असतो आणि तो नाही म्हणत नाही. मात्र त्याच्याकडची ताडपत्री दहा चाकी ट्रकच्या मापाची असते. तिची घडी घालण्यास चार माणसे आणि एक जिना लागतो, तिला डिझेल, कोरे कापड (म्हणजे मागावरून उतरलेले, पण धुलाई-रंगाई न झालेले) आणि गतवर्षीचा पावसाळा यांचा संमिश्र वास येतो, आणि ती टपावर चढल्यावर मोटारीत बसणाऱ्यांकडे रस्त्यावरील ट्रकचालक आपुलकीने पाहू लागतात.

इतिहासाने येथे काही शिकवले आहे, असे दिसत नाही. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेणाऱ्या शिवाजी महाराजांच्या फौजेचा लौकिक सडेपणाचा, म्हणजे जड लवाजमा मागे ठेवून हालचाल करण्याचा होता. प्रस्तुत कुटुंबाने आदर्श पत्करलेला दिसतो तो १७६१ च्या पानिपतचा, जेथे सैन्याबरोबर यात्रेकरू आणि बुणगे, म्हणजे न लढणारी पण जेवणारी मंडळी, मोठ्या संख्येने होती. फरक इतकाच, की मोटारीतले बुणगे कोण, याविषयी कुटुंबात एकमत नसते.

सर्वांत विचारप्रवर्तक नोंद विजेऱ्यांची आहे. प्रवासाचे प्रयोजन काजवे पाहणे हे असते. पावसाळ्याच्या तोंडावर हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर काजव्यांचे नर-मादी लुकलुकून एकमेकांना खुणावतात, आणि प्रखर उजेडात तो संवाद विस्कटतो, म्हणून पाहणाऱ्याने अंधार राखणे आवश्यक असते. या अंधाराच्या तयारीसाठी माणशी एक विजेरी, एक चार्जिंगचा कंदील, आणि शिवाय आजोबांची तीन सेलची स्टीलची बॅटरी घेतली जाते. ही शेवटची, तळहातावर दोनदा आपटल्याखेरीज लागत नाही आणि एकदा लागली की विझत नाही.

पहाटे पाचला निघण्याचे ठरलेले असल्याने गाडी साडेसातला इमारतीबाहेर पडते आणि रांजणोली नाक्यावर कंटेनरांच्या रांगेत उभी राहते. जलाशयाकाठी संध्याकाळच्या चहाबरोबर खाण्यासाठी आदल्या रात्री अकरापर्यंत तळलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा तेथेच उघडला जातो. तो शोधावा लागत नाही, कारण आजीने तो कोणाच्याही हाती न देता मांडीवर घेतलेला असतो.