टी-ट्वेंटीफाइव्हवाला

इंग्लंडमधल्या एखाद्या निवांत गल्लीत रविवारी सकाळी घरासमोर पुठ्ठा अंथरलेला दिसला आणि त्यावर दोन पाय तेवढे दिसले, तर घाबरू नये. पायांचा मालक शुद्धीत आहे, खुशीतही आहे. त्याच्या छातीवर फोक्सवॅगनची चौकोनी, जुनी कॅम्पर व्हॅन उभी आहे आणि तो डोळे मिटून टॅपेट ऐकतो आहे.

ही व्हॅन १९७९ साली आली. जर्मनीत ती टी-थ्री, अमेरिकेत व्हॅनागन आणि ब्रिटनमध्ये टी-ट्वेंटीफाइव्ह. हॅनोव्हरच्या कारखान्यात तिचं मुख्य उत्पादन १९९०मध्ये आटोपलं. दक्षिण आफ्रिकेत मात्र ती २००२पर्यंत बनत राहिली. फोक्सवॅगनच्या गोतावळ्यात तिला फार वर्षं मान नव्हता. पंक्तीत पहिलं पान १९५०च्या, पुढची काच दोन भागांत असलेल्या व्हॅनचं. दुसरं १९६७च्या, गोल काचेच्या व्हॅनचं. टी-ट्वेंटीफाइव्हवाल्याला लोक दाराशी उभं करून विचारत, "तुमचं ते पाण्यावरचं ना?" कारण १९८२च्या उत्तरार्धात कंपनीने तिच्यात पाण्याने थंड होणारं इंजिन घातलं होतं आणि हवेने थंड होतं तेच खरं फोक्सवॅगन, असं मानणाऱ्या कर्मठांना हा उघड उघड बाटवाबाटवीचा प्रकार वाटला. आता या व्हॅनचेही भाव चढले आहेत. चाळीस वर्षं ओलांडलेल्या गाडीला ब्रिटनमध्ये रस्ता-कर माफ होतो आणि मूळ गाडीत फार फेरफार केलेले नसतील, तर एमओटी नावाच्या वार्षिक तपासणीतूनही सुटका मिळते. म्हणजे सरकारनेही हात टेकले आहेत. गाडीची चौकशी करणारा जगात एकच माणूस उरला, आणि तो पुठ्ठ्यावर आहे.

वय पन्नाशीच्या पुढे किंवा साठीच्या आसपास. शाळेत भूगोल शिकवून किंवा नगरपालिकेत रस्ते मोजून निवृत्त झालेला, किंवा होण्याच्या बेतात असलेला. व्हॅन घेतली तेव्हा बेत स्कॉटलंडचा उत्तर किनारा पालथा घालण्याचा होता. नकाशा आणला होता. बायकोने दोन घड्यांच्या खुर्च्या आणल्या होत्या. खुर्च्यांवरचं किमतीचं लेबल अजून निघालेलं नाही, कारण पहिल्याच हिवाळ्यानंतर, मार्च महिन्यात, किल्ली फिरवल्यावर मागून आवाज आला. टक-टक-टक-टक.

आता हा आवाज समजून घ्यायला हवा, कारण या माणसाला भेटलात तर तो समजावल्याशिवाय सोडणार नाही.

इंजिनात हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा असतात. कॅमशाफ्ट फिरतो, तो टॅपेट उचलतो, टॅपेट पुशरॉड ढकलतो, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर झडपेला. या साखळीत किंचित फट ठेवावी लागते, कारण तापल्यावर धातू फुगतो. जुन्या, हवेवाल्या व्हॅनमध्ये दर तीन हजार मैलांनी, इंजिन थंड असताना, ०.१५ मिलिमीटरची पट्टी घालून ही फट मोजावी लागे. आपल्याकडे लोखंडी इंजिनच्या जुन्या बुलेटचं टॅपेट सेटिंग ज्यांनी गॅरेजच्या दारात उभं राहून करून घेतलं आहे, त्यांना हा सोहळा ठाऊक आहे. हायड्रॉलिक टॅपेट आलं ते या कटकटीतून सोडवायला. त्याच्या पोटात एक छोटा प्लंजर, त्याखाली स्प्रिंग आणि तेलाची इवलीशी खोली असते. इंजिनाच्या दाबाने तेल आत शिरतं, एकमार्गी झडपेची गोळी त्याला परत जाऊ देत नाही, आणि दाबूनही न दबणारं ते तेल फट आपोआप भरून काढतं. अमेरिकेतल्या पिअर्स-ॲरो या श्रीमंती गाडीत १९३३ साली ही टॅपेट आली, ती मालकाच्या कानाला आणि जिवाला आराम पडावा म्हणून. मालकाने टॅपेट विसरून जावं, एवढाच त्यामागचा हेतू. टी-ट्वेंटीफाइव्हवाल्याच्या आयुष्यात मात्र गेली कित्येक वर्षं टॅपेटखेरीज दुसरा विषय नाही.

इंजिन थांबतं तेव्हा एखादी तरी झडप उघडी राहते. तिची दणकट स्प्रिंग खालच्या टॅपेटला दाबत बसते आणि गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली की त्यातलं तेल थेंबाथेंबाने झिरपून जातं. मग चालू केल्यावर रिकामं टॅपेट वाजणार, हे ओघानेच आलं. बहुतेक वेळा काही मिनिटांत तेल भरतं आणि आवाज जातो. हट्टी टॅपेट असलं तर इंजिन पुरतं तापवून मोठ्या रस्त्यावर लांबचा फेरफटका मारावा, हा पहिला आणि फुकटचा उपाय. पण हा गृहस्थ म्हणतो, असा आवाज येत असताना लांब कसं जायचं? म्हणून गाडी जात नाही. गाडी जात नाही म्हणून टॅपेट रिकामी होतात, आणि टॅपेट वाजतात म्हणून गाडी जात नाही. या चक्रात बायकोने एकदा, फेब्रुवारीत, "यंदा जायचं का रे?" एवढंच विचारलं होतं. त्यावर त्याने तिला एकमार्गी झडपेची आकृती काढून दाखवली.

निदान करण्यात त्याची खरी हौस. दुरुस्ती काय, कोणीही करतो. इंजिन मागच्या बाजूला जमिनीलगत आडवं पडलेलं, त्याच्यावर झाकण, झाकणावर गालिचा आणि त्यावर झोपायची गादी. म्हणजे इंजिनाची नाडी बघायची तर आधी अंथरूण काढायचं. तेल ओतण्याची जागा मागच्या नंबरप्लेटच्या आड. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून तो ऐकतो. कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो; इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेत असेल तर एक बिघडलेलं टॅपेट सेकंदाला साडेसात वेळा वाजणार, हा हिशेब त्याला तोंडपाठ आहे. साडेसात ठोके तो मोजू शकतो, असा त्याचा दावा आहे. शेजाऱ्याला मात्र नुसतं इंजिन चालू असलेलं ऐकू येतं, आणि तेही सकाळी आठ वाजता.

संशयित पुष्कळ असतात. एक्झॉस्टच्या गॅस्केटमधून गळती होत असेल तर ती हुबेहूब टॅपेटसारखी वाजते. पेट्रोलचे इंजेक्टर जात्याच टिकटिकतात. सैल स्पार्क प्लगही टॅपेटची बेमालूम नक्कल करतो. एक वर्ष एक्झॉस्टवर संशय घेण्यात गेलं. गंजलेले नट तुटले, नवे बसले, टकटक कायम. पुढचं वर्ष तेलाचं. २०डब्ल्यू-५० की १०डब्ल्यू-४०, या प्रश्नावर या मंडळींत जेवढी भांडणं होतात तेवढी जमिनीच्या बांधावरून होत नसतील. मग डब्यातली औषधं आली. तेलात ओता आणि टॅपेट शांत करा, असं ज्या बाटलीवर लिहिलं होतं ती प्रत्येक बाटली त्याने ओतली. काही बाटल्यांनी आत साचलेला चिकटा सुटतो आणि खरंच गुण येतो. पण गुण आला हे मान्य करायला आवाज ऐकणं थांबवावं लागतं, आणि ते त्याला जमत नाही.

अखेर एका वसंतात आठ नवी टॅपेट घरी आली. टेबलावर ती मांडलेली पाहून बायकोने निमूटपणे बशा दुसरीकडे हलवल्या.

खरी अडचण अशी की हे इंजिन टॅपेटपर्यंत हात पोचू देत नाही. रीतीने जायचं तर दोन्ही बाजूंची हेड, म्हणजे सिलिंडरांवरची झाकणं, काढावी लागतात. आणि या पाणीवाल्या इंजिनाची हेड हा टी-ट्वेंटीफाइव्हच्या जगातला सर्वांत दुखरा विषय आहे. ॲल्युमिनियमच्या हेडला पाण्याकडच्या रबरी सीलपाशी गंज खातो, नट आणि स्टड एकमेकांना सोडत नाहीत, जोर लावला तर तुटतात, आणि टॅपेटसाठी उघडलेलं इंजिन वर्षभर उघडंच राहतं. वाटेत भेटणारा प्रत्येक तज्ज्ञ सांगतो, "हेड काढलीच आहेत तर पिस्टनही बघून घ्या." या 'काढलंच आहे तर' वाक्याने कित्येक टी-ट्वेंटीफाइव्ह कायमच्या विटांवर चढल्या आहेत. त्यामुळे जाणते लोक आडवाट धरतात. पुशरॉड ज्या नळ्यांतून जातात त्या जुन्या नळ्या पकडीने चेचून काढायच्या, मोकळ्या झालेल्या भोकांतून लोहचुंबकाने टॅपेट ओढून घ्यायची, आणि नंतर दोन तुकड्यांच्या, स्प्रिंगवाल्या नळ्या आखडून त्या जागी बसवायच्या. हेडला हात लागत नाही.

आडवाट ऐकायला छोटी आहे. रॉकरचं झाकण एका तारेच्या कडीने धरलेलं असतं; ती कडी सोडताच उरलंसुरलं तेल मनगटावरून बाहीत, बाहीतून काखेत जातं. पुशरॉड ज्या जागेचे त्याच जागी परत जायला हवेत, म्हणून पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून, आकडे घालून त्यात ते खोचून ठेवतात. सात टॅपेट चुंबकाला चिकटून मुकाट बाहेर येतात. आठवं येत नाही. त्याला चिकट्याने आत धरलेलं असतं. त्यावर पातळ तेल सोडायचं, थांबायचं, फिरवायचं, पुन्हा थांबायचं. या थांबण्यात हा माणूस कमालीचा सुखी असतो. कोणी "आत ये, जेवायला" म्हटलं तर "आत्ता सुटतंय" असं उत्तर गाडीखालून येतं, आणि ते दिवेलागणीपर्यंत येत राहतं.

इंग्लंडमधल्या या जमातीच्या हाताशी बहुधा हेन्सचं पुस्तक असतं. जॉन हेन्स यांनी १९६६मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइटवर पहिलं काढलं आणि सॉमरसेटमधून सगळ्या देशाला गाड्या खोलायला शिकवल्या. या पुस्तकांची मख्खी अशी की खोलण्याला दोन पानं आणि बसवायला एकच ओळ: केलंत त्याच्या उलट करा. त्या ओळीत माणसाचे तीन शनिवार जातात.

नव्या टॅपेटमधली हवा काढणं हे वेगळंच व्रत. ती तेलात उभी बुडवायची, वरून पुशरॉडने प्लंजर दाबत राहायचं, बुडबुडे थांबून प्लंजर दगडासारखा कडक होईपर्यंत. पाकात गुलाबजाम मुरत ठेवावेत तशी आठ टॅपेट मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत रात्रभर ठेवलेली असतात, आणि ती बरणी चुकून ज्या फडताळात जाते तिथे खरा मुरंबाही असतो.

मग वाद येतो फेऱ्यांचा. रॉकरचा स्क्रू झडपेला नुसता टेकवायचा आणि तिथून आणखी दोन फेरे आत घ्यायचे, असं पुस्तक सांगतं. दीडच घ्या, असं दुसरा पंथ सांगतो. अर्धाच पुरे म्हणणारे पाखंडीही आहेत. घाईने फिरवलं तर तेलाने भरलेलं टॅपेट दबत नाही आणि झडपच उघडी राहते. म्हणून एक फेरा, मग चहा, मग दुसरा. १-४-३-२ या क्रमाने चारही सिलिंडरांचं हे होईस्तोवर चहाचं पातेलं चार वेळा चढतं. आमच्या गृहस्थाने पावणेदोन फेरे घेतले. कारण विचारलं तर त्याने दोन्ही पंथांचा मान राखल्याचं सांगितलं.

किल्ली फिरवली तेव्हा इंजिनाने असा खडखडाट केला की समोरच्या घराचा पडदा बाजूला झाला. नवी टॅपेट पहिल्यांदा वाजणारच. आत हवा राहिलेली असते. वेग किंचित वाढवून तो उभा राहिला. टप्प्याटप्प्याने एकेक आवाज गळाला. वीसेक मिनिटांनी मागे उरली ती या आडव्या इंजिनाची नेहमीची घुरघुर. बायको बाहेर येऊन म्हणाली, "झालं?" तो म्हणाला, "ऐकतोय."

जुनी आठ टॅपेट त्याने टाकली नाहीत. यातला कोणीच टाकत नाही. त्यातली सहा तरी धडधाकट असतात. दोषी कोणतं ते कळलेलं नसतं, म्हणून सगळ्यांनाच बरणीत जन्मठेप.

त्या उन्हाळ्यात दोघं खरंच निघाली. स्कॉटलंडला नव्हे, वूस्टरशरमध्ये मॅल्व्हर्नच्या मैदानावर फोक्सवॅगनवाल्यांचा मेळा भरतो, तिथे. व्हॅनच्या कुशीला लावायचा तंबू उभारला. या तंबूची सोय अशी की गाडी काढून नेली तरी तो आपल्या पायांवर उभा राहतो. शेजारच्या टी-ट्वेंटीफाइव्हचा मालक आला, मागे वाकून कान देऊन उभा राहिला आणि संशयाने म्हणाला, "तुमचं वाजत नाही?" त्यासरशी तंबूतून बरणी बाहेर आली. घड्यांच्या खुर्च्या उघडल्या गेल्या, लेबलं तशीच. टॅपेट टेबलावर ओळीने मांडली. दोघांनी एकेकाचा प्लंजर अंगठ्याने दाबून पाहिला, तळावरचे ओरखडे उन्हात धरून वाचले, आणि दीड की दोन यावर आवाज चढू लागला.

बायकोने चहाचे दोन पेले त्यांच्यापुढे ठेवले, चालकाच्या जागेवर बसली, आणि हे-ऑन-वाय या जुन्या पुस्तकांच्या गावाकडे व्हॅन घेऊन निघून गेली. संध्याकाळी ती चार पिशव्या पुस्तकं घेऊन परतेपर्यंत गाडी जागेवर नाही हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.